झाकण मिटलं आणि व्हिडिओ अर्धाच राहिला: फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर नीट कसे न्यायचे

(हे आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय. ट्रेनमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी खास.)

आजचा विषय इतका साधा आहे की काहीजण नाव वाचूनच पुढे सरकतील. फोन लावायचा, कॉपी करायचं, पेस्ट करायचं, त्यात काय सांगायचं? गेल्या दिवाळीपर्यंत मीही असंच म्हणत होतो. म्हणून आधी माझाच किस्सा सांगतो.

दिवाळीत मामाच्या गावी होतो, कोरेगाव तालुक्यात. मामाचा फोन गच्च भरलेला. रोज सकाळचे सूर्योदय, गुलाबाची फुलं, सुविचार, आणि त्यातच घरातली लग्नं, बारशी, शेतातले फोटो. मामा म्हणाला, "तुला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मग हे सगळं तुझ्या लॅपटॉपवर घेऊन टाक. तुझ्या आजीचा ओव्यांचा व्हिडिओ आहे बघ त्यात, तो तेवढा जपून घे." ताईच्या हळदीला जातं बाहेर काढलं होतं, तेव्हा आजी जात्यावर बसून अकरा मिनिटं गायली होती. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यातला दीड मिनिटाचा तुकडा फिरला, तोही असा की आजीच्या लुगड्याचा रंग ओळखू येत नाही. पूर्ण, स्वच्छ व्हिडिओ फक्त मामाच्या फोनमध्ये.

मी केबल लावली, फोल्डर कॉपीला टाकला. हिरवी पट्टी सरकत होती. तेवढ्यात मामीची हाक आली, "पानं घेतलीत, या." मी सवयीने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि जेवायला गेलो. रात्री उघडला तर कसलीशी एररची खिडकी आलेली. मी 'स्किप' दाबलं. फोल्डर दिसत होता, फायलींची नावं दिसत होती. झालं काम.

पौषात मामाचा फोन ट्रॅक्टरवरून पडला. त्याने नवीन घेतला आणि जुना कपाटात टाकला. "सगळं भाच्याकडे आहे," म्हणाला. माघात आजी गेली. तेराव्याला सगळे जमले होते, कुणीतरी म्हणालं, तो व्हिडिओ टीव्हीवर लाव. मी लॅपटॉप जोडला, फाईलवर क्लिक केलं. फाईल होती, नाव होतं. उघडत नव्हती.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. फोटो 'दिसणं' आणि फोटो 'असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जे काही सांगणार आहे ते या एका फरकाभोवती फिरतं.

केबल लावली तरी फोन दिसत नाही

बहुतेकांची गाडी इथेच अडते. चार्जिंग सुरू होतं, कॉम्प्युटर मात्र फोन ओळखत नाही. याची दोन कारणं असतात.

पहिलं कारण केबल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेसाठी आणि दोन डेटासाठी. ट्रिमर, टेबललॅम्प, स्वस्त इअरबड्स यांच्यासोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. म्हणून फोन दिसत नसेल तर फोनला शिव्या घालण्याआधी केबल बदलून बघा. जी चालेल तिला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. आमच्या घरात लाल पट्टीवाली केबल कुणी चार्जिंगला नेली तर भांडण होतं.

दुसरं कारण फोनच. ॲन्ड्रॉइड 6 पासून फोन कॉम्प्युटरला लावला की तो आपोआप फक्त चार्जिंगच्या अवस्थेत राहतो. हे आपल्या भल्यासाठी आहे. स्टेशनवरच्या अनोळखी पॉइंटला फोन लावला तर कुणी आतलं काढून घेऊ नये म्हणून. तर काय करायचं, फोनचं लॉक उघडायचं, वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढायचा, 'यूएसबीद्वारे चार्ज होत आहे' अशा अर्थाची ओळ असेल तिच्यावर टॅप करायचं, आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. लगेच कॉम्प्युटरवर फोन उघडतो.

आता एक प्रश्न मला नेहमी पडायचा. पेन ड्राइव्ह लावला की तो एका झटक्यात उघडतो, मग फोनचा फोल्डर उघडताना ती हिरवी पट्टी इतका वेळ का रेंगाळते? फार जुन्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये फोन खरंच पेन ड्राइव्हसारखा जोडला जायचा. पण तेव्हा मेमरी कार्डचा पूर्ण ताबा कॉम्प्युटरकडे जायचा आणि तोपर्यंत फोनला स्वतःचेच फोटो दिसायचे नाहीत. म्हणून नंतर एमटीपी नावाची पद्धत आली, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. जुन्या वाचनालयात कसं असायचं, कपाटाला हात लावायचा नाही, चिठ्ठी द्यायची आणि आतला माणूस पुस्तक आणून देणार. एमटीपी तसंच आहे. कॉम्प्युटर मागतो, फोन एकेक फाईल आणून देतो. त्यामुळे एका फोल्डरात पाच हजार फोटो असतील तर नुसती यादी यायलाच वेळ लागतो. फोन बिघडलेला नसतो. थांबा जरा.

वेगाचं म्हणाल तर यूएसबी 2 ची कागदावरची मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट. प्रत्यक्षात 30 च्या आसपास मिळाले तरी ठीक. त्या हिशोबाने 60 जीबीला साधारण अर्धा तास धरा, छोट्या फायली खूप असतील तर जास्त. आणि सी-टाइप पिन म्हणजे वेगवान, हा गैरसमज काढून टाका. तो फक्त पिनेचा आकार आहे. 2023 च्या आयफोन 15 ला सी-टाइप पोर्ट आला, पण साध्या मॉडेलचा डेटाचा वेग यूएसबी 2 चाच राहिला. वेगवान पोर्ट प्रो मॉडेलना मिळाला, आणि त्यांच्याही डब्यातली केबल यूएसबी 2 चीच. वेग हवा तर केबल वेगळी घ्यायची.

कुठला फोल्डर?

फोन उघडला की आत 'इंटरनल शेअर्ड स्टोरेज' दिसेल. त्यात 'डीसीआयएम'. हे नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळातून आलंय, 1998 च्या सुमारास कॅमेरा कंपन्यांनी ठरवलेलं. तुमच्या कॅमेऱ्याने काढलेलं सगळं डीसीआयएममधल्या 'कॅमेरा' फोल्डरात असतं.

पण बरेच जण तेवढंच उचलतात आणि इथेच चूक होते. मित्रांनी पाठवलेले लग्नाचे फोटो तुमच्या कॅमेऱ्याने काढलेले नाहीत. ते व्हॉट्सॲपच्या फोल्डरात आहेत, आणि तो फोल्डर हल्ली आडवळणी जागी असतो. 'ॲन्ड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप', त्यात पुन्हा 'मीडिया'. स्क्रीनशॉट काही फोनमध्ये 'पिक्चर्स'मध्ये, काहींत डीसीआयएममध्येच. डाउनलोड केलेले 'डाउनलोड'मध्ये. थोडक्यात डीसीआयएम, पिक्चर्स, मूव्हीज, डाउनलोड आणि तो व्हॉट्सॲपचा, एवढे फोल्डर एकदा उघडून बघाच.

व्हॉट्सॲपच्या फोटोच्या नावात तारीख असते, ती फोटो तुमच्या फोनवर आला त्या दिवसाची. काढला त्या दिवसाची नव्हे. कुणी 2015 चा फोटो आज पाठवला तर नावात आजची तारीख. वर्षावार फोल्डर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर आजोबा यंदाच्या गणपतीत दिसतील.

कॉपी करा, कट करू नका

कट-पेस्ट केलं की फोन एका दमात मोकळा होतो, हे खरं. पण मध्येच केबल हलली, लाइट गेली, तर काय गेलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. आधी कॉपी, मग तपासणी, आणि शेवटी डिलीट. डिलीट तर त्याच दिवशी करूच नका. एक झोप घ्या मध्ये.

पाच हजार फायली एकदम न टाकता पाचशे-हजारच्या घासांनी न्या. अडकलंच तर कुठे अडकलं ते कळतं. कॉम्प्युटरची झोपायची वेळ वाढवून ठेवा. फोनचं लॉक उघडं राहू द्या. आणि झाकण मिटू नका! झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपी जातात आणि कॉपी तिथेच तुटते. पानं वाढलेली असली तरी. मामी समजून घेईल.

आता तपासणी. फोनवरच्या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरची माहिती बघा, किती फायली आहेत ते. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये तो आकडा जुळतो का पाहा. जीबीचा आकडा मात्र जुळेलच असं नाही, घाबरू नका. बरेच फोन हजाराने मोजतात आणि विंडोज 1024 ने. त्यामुळे फोनवरचे 64 जीबी विंडोजवर 59.6 दिसतात. फायलींची संख्या जुळली पाहिजे.

मग फोल्डर आकारानुसार लावा. शून्य केबीची किंवा नावापुरती फाईल असेल तर ती लगेच एका टोकाला दिसेल. शेवटी मोठे व्हिडिओ एकेक उघडा आणि पट्टी ओढून शेवटपर्यंत न्या. फक्त सुरुवात बघू नका. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण माझा व्हिडिओ का उघडला नाही ते ऐका, मग पटेल.

फोटोची फाईल अर्धी आली तर फोटोचा वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा. म्हणजे काहीतरी हाती लागतं. व्हिडिओचं तसं नसतं. एमपी4 फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते, कुठल्या सेकंदाचं चित्र आणि आवाज फाईलमध्ये कुठे आहे ते सांगणारी. फोन रेकॉर्डिंग करताना चित्र-आवाज आधी लिहीत जातो आणि ही अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, फाईलच्या शेपटाला लिहितो. कॉपी मध्येच तुटली की ते शेपूट येत नाही. मग आत मिनिटांच्या मिनिटं मजकूर असला तरी प्लेअरला तो वाचताच येत नाही. त्याच फोनवरचा दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अशी फाईल दुरुस्त करणारी साधनं आहेत, 'अनट्रंक' त्यातलं एक, फुकट मिळतं. मी ते करून पाहिलं. आजी चार मिनिटं गायली आणि थांबली. पुढची सात मिनिटं माझ्या लॅपटॉपवर कधी पोचलीच नव्हती.

आयफोनवाल्यांसाठी

विंडोजला आयफोन लावला की फोनवर 'ट्रस्ट' विचारतो, हो म्हणा आणि पासकोड द्या. त्याशिवाय फोल्डर रिकामा दिसतो. विंडोजवर ॲपलचं 'ॲपल डिव्हायसेस' ॲप टाकून ठेवलं तर ओळख लवकर पटते.

यानंतरची डोकेदुखी अशी, की कॉपी सुरू होते आणि शंभरेक फोटोंनंतर 'डिव्हाइस चालत नाही' असं काहीतरी येऊन बंद पडते. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो हेइक नावाच्या प्रकारात साठवतो, कारण जागा कमी लागते. विंडोजला देताना तो प्रत्येक फोटोचं जेपेग करून द्यायला बघतो आणि त्या रूपांतरात दमछाक होते. फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' असतं, तिथे 'ऑटोमॅटिक' काढून 'कीप ओरिजिनल्स' करा. फोटो आहेत तसे येतील. विंडोजवर हेइक उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हेइफचं फुकटचं एक्स्टेन्शन घ्या.

पण खरी गोम वेगळी आहे. आयक्लाउड फोटोजमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर तुमचे मूळ फोटो फोनमध्ये असतीलच असं नाही. गॅलरीत दिसतात त्या हलक्या प्रती, मूळ फोटो ॲपलच्या सर्व्हरवर. केबलने काढायला जाल तर बरेच फोटो येणारच नाहीत. अशावेळी कॉम्प्युटरवर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून किंवा विंडोजसाठीच्या आयक्लाउड ॲपमधून मूळ फोटो उतरवून घ्यायचे.

मॅकवाल्यांचं सोपं आहे. एअरड्रॉप आहेच, नाहीतर मॅकमध्ये आधीपासून असलेलं 'इमेज कॅप्चर' उघडा. मॅक आणि ॲन्ड्रॉइड ही जोडी मात्र रुसलेली. गुगलचं जुनं 'ॲन्ड्रॉइड फाइल ट्रान्सफर' 2024 मध्ये बंद झालं. 'ओपनएमटीपी' वापरा, फुकट आहे.

केबलच नकोय

चालेल. पंधरा-वीस फोटो असतील तर केबल शोधण्यात वेळ कशाला घालवायचा? ॲन्ड्रॉइडवर 'क्विक शेअर' असतं, हे गुगलचं 'निअरबाय शेअर' आणि सॅमसंगचं 'क्विक शेअर' 2024 मध्ये एकत्र झालं ते. विंडोजसाठीही त्याचं ॲप आहे. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू ठेवायचं. दुसरं मला आवडतं ते 'लोकलसेंड'. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असले की झालं, इंटरनेट नसलं तरी चालतं. कॉम्प्युटर विंडोजचा असो, मॅक असो की लिनक्स, फोन कुठलाही.

नुसत्या ब्लूटूथने मोठा व्हिडिओ पाठवू नका. एक जीबीला तासाच्या वर जातो.

आणि आता आपला लाडका मार्ग, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं आणि कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून उतरवायचं. फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो. शिवाय कधी काढला, कुठे काढला ही फोटोच्या आत लपलेली माहिती निघून जाते. एचडी पर्याय थोडा बरा, पण मूळ नव्हे. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तिथे 2 जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. लग्नाच्या फोटोग्राफरकडूनही फोटो मागताना हे एक वाक्य जोडा, "दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

"माझं सगळं क्लाउडवर आहे"

हे वाक्य ऐकलं की हल्ली मला थोडी धाकधूक होते. क्लाउड वाईट नाही, मी स्वतः पैसे भरून वापरतो. पण गुगल फोटोज हे फोटोंचं गोदाम नाही, तो आरसा आहे. ॲपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केलात तर तो फोनमधून जातो आणि क्लाउडमधूनही. "क्लाउडवर आहे ना, मग फोनमधला उडवू" असं म्हणून त्याच ॲपमधून उडवणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो 60 दिवस राहतात, नंतर कायमचे जातात. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर त्यातच 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे, ते वापरायचं.

1 जून 2021 पासून गुगलची अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून 15 जीबी. ती भरली की नवे फोटो चढायचे थांबतात, आणि फोन दोनदा सांगतो ते आपण दोनदा बाजूला सारतो. शिवाय 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर 16 मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ 1080पीवर येतात. आयक्लाउडवर तर फुकट जागा 5 जीबीच.

अजून एक. दोन वर्षं कुणी न उघडलेलं वैयक्तिक गुगल अकाउंट गुगल डिलीट करू शकतं, डिसेंबर 2023 पासून ते धोरण लागू आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवतो आपण. त्यांचे फोटो क्लाउडवर असतील तर तिकडेही लक्ष द्या.

कॉम्प्युटरवर आलं, आता?

मित्र म्हणतो, पेन ड्राइव्हवर टाकतो. टाक, पण दोन गोष्टी बघून. अनेक पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही, आत शंभर जीबी रिकामे असले तरी. आयफोनवर फोरके व्हिडिओ 30 फ्रेमने मिनिटाला सुमारे 170 एमबी घेतो, जुन्या प्रकारात साठवला तर 350. म्हणजे गॅदरिंगचं एक नाटक सहज त्या मर्यादेवर जातं. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅटमुळे आतलं सगळं पुसलं जातं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

दुसरं म्हणजे पाचशे रुपयांत '2 टीबी'चा पेन ड्राइव्ह दिसला तर हात मागे घ्या. असे बनावट ड्राइव्ह आतल्या चिपमध्ये खोटा आकडा लिहून विकतात. खरी जागा 32 जीबी वगैरे. ती भरेपर्यंत सगळं छान चालतं. नंतर नवीन फायली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात, आणि नावं मात्र यादीत दिसत राहतात. तीच गोष्ट पुन्हा, दिसतंय पण नाहीये. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट साधन अख्खा ड्राइव्ह लिहून-वाचून खरी जागा सांगतं.

छायाचित्रकारांमध्ये 3-2-1 असा एक नियम आहे, पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला जमेल असं रूप म्हणजे एक लॅपटॉपवर, एक एक्सटर्नल हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. बहिणीच्या घरचा पर्याय मला जास्त भरवशाचा वाटतो. ती पासवर्ड मागत नाही, फक्त हार्ड डिस्क द्यायला आलात की जेवून जा म्हणते.

फोन फुटलाय, तरी

आता मामाचा फोन. तेराव्याच्या संध्याकाळी कपाटातून काढला. चार्जिंगला लावला, चालू झाला! स्क्रीनचा वरचा दोन तृतीयांश भाग दिसत होता, खाली काळा डाग, आणि टच पूर्ण मेलेला. पॅटर्न लॉक मामाला आठवत होता, पण काढायचा कसा? लॉक उघडल्याशिवाय कॉम्प्युटर काहीच दाखवत नाही.

ओळखीच्या एका दुकानदाराने सांगितलं, "मेमरी चिप काढून डेटा घेतात." हे जुन्या फोनांचं. 2019 मध्ये ॲन्ड्रॉइड 10 आलं, तेव्हापासून ते घेऊन बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला असणं बंधनकारक आहे. किल्ली फोनच्या चिपला आणि तुमच्या लॉकला बांधलेली. नुसती मेमरी काढून काही वाचता येत नाही. चोराच्या हातात फोन गेला तर हेच आपल्याला वाचवतं, पण त्या संध्याकाळी मला ते फारच जाचक वाटलं.

मग ओटीजी आठवलं. दीडशे-दोनशे रुपयांचा छोटा जोड असतो, त्याने फोनला माउस लागतो. माउस लावला की स्क्रीनवर बाण येतो. बाणाने दाबून धरून पॅटर्न ओढला, लॉक उघडलं. मामी देवघरासमोर उभी होती, तिने नुसता हात जोडला. आता पोर्टात माउस अडकलेला, मग डेटा बाहेर कुठून काढणार? यासाठी सी-टाइपचा हब वापरला, त्यात माउसही लागतो आणि पेन ड्राइव्हही. फोनच्याच फाइल मॅनेजरमधून व्हिडिओ निवडला आणि थेट पेन ड्राइव्हवर कॉपी केला. हे करण्याआधी फोन पूर्ण चार्ज करून घ्या, कारण पोर्ट अडकलेलं असतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. तिथे ही युक्ती चालणार नाही.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर दुकानात स्वस्तातला का होईना, चालणारा डिस्प्ले बसवून घ्या. डिस्प्ले बदलल्याने डेटा जात नाही. फक्त दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगा, रीसेट मारायचं नाही.

फाईल पेन ड्राइव्हवर आली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. पट्टी ओढून शेवटाला नेली, चालली. मग पहिल्यापासून टीव्हीवर लावली. त्यातला जो भाग माझ्या लॅपटॉपवर कधीच आला नव्हता, तिथे आजी मध्येच गाणं थांबवते आणि कॅमेऱ्याकडे बघून मामाला म्हणते, "ते ठेव आता खाली अन् सूप धर, पीठ सांडतंय." मामा म्हणतो, "हो आई," आणि चित्र हलतं, जमीन दिसते, पण आवाज येत राहतो. पुढची दोन मिनिटं फक्त जात्याची घरघर आणि आजी.

आता तो व्हिडिओ तीन ठिकाणी आहे. तिन्ही ठिकाणी मी तो शेवटपर्यंत बघितलाय.

पुढच्या भागात गुगल टेकआउट बघू, म्हणजे गुगल फोटोजमधलं सगळं एकदम बाहेर कसं काढायचं, आणि त्यासोबत येणाऱ्या त्या हजारो जेसन फायलींचं करायचं काय. तोवर तुमच्या घरातली डेटा चालणारी केबल शोधून तिला पट्टी लावून ठेवा. भेटूया.